माळावरचा लांडगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरंदर, बारामती, इंदापूर आणि पुढे सोलापूरकडे पसरलेल्या माळांवर मी बरीच वर्षं लांडग्यांच्या मागावर फिरतो आहे. गावात चहा घेताना, शाळेत बोलायला गेल्यावर, कधी रात्री उशिरा फोनवर लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

मी रस्त्यात पाहिला तो लांडगाच होता का?

फोटो पाठवून हा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत, आणि बरेचदा तो कोल्हा किंवा तरस निघतो. तरसाच्या अंगावर पट्टे असतात, मानेवर आयाळ असते आणि पाठ मागे उतरती असते. कोल्हा लहान, आठ-दहा किलोचा. पाय आखूड, चाल दुडकी. खोकड तर मांजरापेक्षा थोडंसं मोठं, शेपटीचं टोक काळं. लांडगा यांच्यापेक्षा उंच आणि सडपातळ असतो. वजन साधारण अठरा ते पंचवीस किलो, पाय लांब, छाती अरुंद, डोळे पिवळसर. अंगाचा रंग वाळलेल्या कुसळीसारखा, त्यामुळे बसला की दिसेनासाच होतो.

गावठी कुत्र्यातला आणि त्याच्यातला फरक शेपटीवरून चटकन कळतो. कुत्र्याची शेपूट वर वळलेली असते, लांडग्याची खाली लोंबते. आणखी एक खूण सवयीने कळते: तो माणसाला पाहून धूम ठोकत नाही. थोडं अंतर जातो, थांबतो, मान वळवून एकदा नीट बघतो आणि मग चालायला लागतो.

लांडगे तर युरोप-अमेरिकेतही आहेत. आपल्या लांडग्यात वेगळं काय?

शास्त्राच्या भाषेत तो करड्या लांडग्याचीच उपजाती आहे: कॅनिस ल्युपस पॅलिपीस. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३१ साली कर्नल विल्यम साइक्स यांनी केलं, तेही आपल्या दख्खनमधल्या प्राण्यांवरून. म्हणजे जगाच्या दप्तरात या लांडग्याची पहिली नोंदच इथल्या माळावरची आहे. 'पॅलिपीस' म्हणजे फिकट पायांचा.

पण नुसतं 'उपजाती' म्हटलं की त्याचं मोल कमी लेखलं जातं. २०२१ साली त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आज जिवंत असलेल्या करड्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत वेगळ्या पडलेल्या शाखांपैकी ही एक आहे, असं त्यातून पुढे आलं. पश्चिम आशियातले लांडगे दिसायला याच्यासारखेच, पण त्यांची वंशवेल निराळी. हिमालयातला लांडगाही निराळा. हा इथून गेला तर युरोपातून किंवा सैबेरियातून लांडगे आणून ती जागा भरता येणार नाही.

असे किती उरले आहेत?

भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली मांडलेला अंदाज देशभरात सुमारे ३,१०० प्रौढ लांडग्यांचा आहे. सर्वाधिक मध्य प्रदेशात, त्याखालोखाल राजस्थान आणि गुजरात. महाराष्ट्राच्या वाट्याला येतात चारशेच्या आसपास. २०२५ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने भारतीय लांडग्याचं पहिल्यांदाच स्वतंत्र मूल्यमापन केलं आणि त्याला 'असुरक्षित' वर्गात ठेवलं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. संख्येने तो देशात वाघाच्याच आसपास आहे, पण वाघासाठी जेवढा पैसा, माणसं आणि राखीव जंगलं आहेत त्याचा अंशही याच्या वाट्याला येत नाही. या गोष्टीचं मला मनापासून दुःख होतं.

तो अभयारण्यात राहत नाही का?

फार थोडा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. कर्जतजवळचं रेहेकुरी त्याच्याही निम्म्याहून लहान. आणि एका कळपाचा वावर दीडशे-दोनशे चौरस किलोमीटरचा असू शकतो. रात्रीत तो अभयारण्यात शिरतो, पलीकडून निघतो, गायरान ओलांडतो, कुणाच्या तरी ज्वारीतून जातो आणि पहाटे तिसऱ्याच गावच्या टेकडीवर असतो.

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. तिथल्या गवतात काळवीट टिकलं, लांडगाही टिकला, आणि लांडग्यांवरचं महाराष्ट्रातलं महत्त्वाचं संशोधनही तिथेच झालं. पण तिथेही लांडगा सीमेच्या आत बसून राहत नाही. देशात खास लांडग्यासाठी राखलेली अभयारण्यं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. झारखंडमधलं महुआडांड १९७६ पासूनचं, आणि अलीकडे कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात बंकापूर. थोडक्यात, आपला लांडगा बहुतांशी लोकांच्या मधे राहतो.

माळ म्हणजे पडीक जमीनच ना? तिथे झाडं लावली तर चांगलंच की.

हा प्रश्न जो विचारतो त्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी त्यावर नेहमी वेळ देतो.

'पडीक' हा शब्द महसुलाचा आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही आणि लाकूडही मिळत नाही ती पडीक, ही नजर इंग्रजी अमदानीत पक्की झाली आणि सरकारी कागदांत अजून टिकून आहे. प्रत्यक्षात दख्खनचा माळ ही कमी पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीवरची जुनी, स्वतंत्र निसर्गव्यवस्था आहे. पावसाळ्यानंतर एखाद्या माळावर गुडघे टेकून बसा. पवन्या, मारवेल, कुसळी असं वेगवेगळं गवत हाताला लागेल. मधे तरवडाची पिवळी फुलं, एखादी बोर, एखादा हिवर. चंडोल वर जाऊन गात असतो. धाविक पक्षी चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. चिंकारा, ससे, खोकड, पखुर्ड्या, घोरपडी हे सगळे याच गवताच्या आधाराने जगतात, आणि या सगळ्यांच्या वर लांडगा.

अशा ठिकाणी जेसीबी लावून समतल चर खणले, खड्डे घेतले आणि ग्लिरिसिडियाच्या रांगा लावल्या की आधी मुळासकट गवत जातं. चिंकाऱ्याला दूरवर बघता यायला हवं, पळायला मोकळं रान हवं. झाडी वाढली की तो निघून जातो. लांडग्याचं बीळ बहुधा ओढ्याच्या काठच्या मऊ मातीत किंवा बांधाच्या पोटात असतं. माती उकरणारं यंत्र नेमकं तिथे फिरतं. गवत कार्बनही धरून ठेवतं, पण जमिनीखाली, मुळांत. वर हिरवं दिसत नाही म्हणून ते कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही.

झाडं जरूर लावा. गावात, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर, जिथे जंगल तुटलं तिथे लावा. मूळचा माळ मात्र माळ म्हणूनच राहू द्या.

वृक्षारोपणाखेरीज माळ खाणाऱ्या गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत: कालव्याचं पाणी आलं की ऊस, शहराजवळ प्लॉटिंग, औद्योगिक वसाहती, सौर प्रकल्प, नवे महामार्ग. रात्री वेगाने येणारी गाडी लांडग्याला कळत नाही. डांबरावर मेलेले लांडगे मी स्वतः उचलले आहेत. एकदा त्यात पोटुशी मादी होती.

तो खातो काय?

चिंकारा, काळवीट, ससा, उंदीर, कधी घोरपड, कधी नुसते किडे. कुक्कुटपालनवाले मेलेल्या कोंबड्या फेकतात, त्यावरही त्याचा गुजारा होतो. पण महाराष्ट्राच्या बहुतेक माळांवर जंगली शिकार इतकी कमी राहिली आहे की त्याचं पोट मुख्यत्वे शेळ्या-मेंढ्यांवर चालतं. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

मग धनगर त्याला अजून कसा राहू देतात?

लांडग्याचं जगणं समजून घ्यायचं तर या प्रश्नापाशी थांबावंच लागतं.

एका थंडीत इंदापूरच्या बाजूला एका वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळावर, मी मुक्कामाला होतो. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती. लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात, हा जुना व्यवहार. दिवस मावळल्यावर बायकांनी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, ओढून मेंढरं आत घेतली, कोकरं वेगळी कोंडली. चार बाजूंना चार कुत्री. रात्री दोनच्या सुमाराला एकदम कुत्र्यांचा कल्ला झाला, बॅटऱ्या लागल्या, माणसं ओरडत धावली. सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपलं. एक कोकरू गेलं होतं.

मी वाड्यावरच्या म्हाताऱ्या मामांना विचारलं, "राग येत नाही?" ते तंबाखू मळत म्हणाले, "येतो की. पर त्यानं न्यायचंच. त्येचं बी पोट हाय, त्येची बी पोरं हायती. आमची राखण कमी पडली." थोड्या वेळाने म्हणाले, "दुखणाईत बकरं मागं राहतं, तेच त्यो आधी उचलतो." मेंढरांना ते बकरंच म्हणतात.

सगळे धनगर असं बोलतात असं मी म्हणणार नाही. ज्याची एका रात्रीत आठ-दहा मेंढरं फाडली जातात तो चिडतो, आणि त्याने चिडू नये असं सांगायचा मला अधिकार नाही. पण लांडगा हा माळाचाच आहे, त्याचा काही वाटा आहे, ही समजूत या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहे. लांडगा आजवर टिकला त्याचं मोठं श्रेय या समजुतीला आणि रात्रभर जागणाऱ्या या माणसांना आहे. आता धनगराचीच पोरं मेंढरं सोडून कंपनीत जातात, चराईची रानं बंद होत चालली आहेत. जे मेंढरांऐवजी इतर धंद्यात उतरले, त्यांना लांडगा सोसण्याचं कारण उरत नाही. धनगराच्या चराईचा प्रश्न सोडवला नाही, तर लांडग्यासाठी काढलेल्या योजना कागदावरच राहतील असं मला वाटतं.

मेंढी नेली तर भरपाई मिळते का?

मिळते, वनविभागाकडून. घटना कळताच वनरक्षकाला कळवा किंवा १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. मेलेलं जनावर जागचं हलवू नका, फोटो काढून ठेवा आणि पंचनामा होऊ द्या.

अडचण अशी की ही पद्धत एका जागी राहणाऱ्या माणसाला धरून आखली आहे. लांडगा कोकरू उचलून नेतो, मागे पुरावाच राहत नाही. पंचनाम्यासाठी दोन दिवस थांबायचं तर वाडा पुढच्या गावाला निघालेला असतो. माझ्या ओळखीच्या एका मेंढपाळाने तीनदा कचेरीत खेटे घातले आणि नंतर नाद सोडला. भरपाई वेळेवर, वाड्यावर येऊन मिळाली तर विष घालायची वेळ कुणावर येणार नाही. एका मेलेल्या शेळीत विष घातलं की अख्खा कळप जातो, आणि सोबत तरस, कोल्हे, घारी आणि गावची कुत्रीही.

पिल्लं कधी होतात? कळपात किती असतात?

आपल्याकडचे कळप लहान. एक नर-मादीची जोडी, त्या वर्षीची पिल्लं, आणि मागच्या वर्षीची एक-दोन मोठी झालेली. पावसाळा सरल्यावर समागम, साधारण दोन महिन्यांचं गर्भारपण, आणि ऐन थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला पिल्लं. एका वेळी चार-सहा. जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात, उघडायला दीड-दोन आठवडे लागतात.

एका जानेवारीत ओढ्याच्या पलीकडच्या टेकाडावरून, दुर्बिणीतून, मी सलग काही संध्याकाळी एक बीळ पाहिलं. मादी बांधाच्या सावलीत पडून असायची. ऊन कललं की पाच पिल्लं बाहेर येत, काळपट, गोल, पायांत पाय अडकून पडणारी. त्यातलं एक नेहमी मादीच्या शेपटीला लोंबकळायचं. मग नर यायचा. सरळ येत नसे, वाऱ्याचा अंदाज घेत लांबून वळसा घालून यायचा. पिल्लं धावत जाऊन त्याच्या तोंडाला तोंड लावायची, त्याचे ओठ चाटायची, आणि तो पोटातलं मांस त्यांच्यापुढे ओकायचा. क्षणात फस्त. कैक किलोमीटर पोटात घेऊन आणलेलं ते अन्न. त्यानंतर तो एकटाच जरा दूर जाऊन बसायचा.

या वयात पिल्लांना सर्वांत मोठा धोका माणसाचा. बिळात धूर करायचा किंवा तोंडाशी दगड लावून बीळ बुजवायचं, हे प्रकार अजूनही होतात.

तो ओरडतो का? आम्ही कधीच ऐकलं नाही.

ओरडतो. तिन्हीसांजेला किंवा पहाटे, लांबच लांब, चढत जाणारी हाक. कोल्हेकुई तुटक आणि गोंगाटाची असते, ही एकसंध. महाराष्ट्रातल्या लांडग्यांच्या ध्वनिमुद्रणावरून संशोधकांनी दाखवलं आहे की प्रत्येक लांडग्याची हाक वेगळी ओळखता येते. त्यामुळे पुढे नुसत्या आवाजावरून त्यांची मोजदाद करता येईल. गावाजवळ राहणारे कळप फार कमी ओरडतात.

लांडगा माणसावर हल्ला करतो का?

क्वचित, पण करतो. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराईच जिल्ह्यात लहान मुलांचे जीव गेले. १९९६ साली त्याच राज्याच्या पूर्व भागात असंच घडलं होतं. ज्या घरांत हे घडलं त्यांचं दुःख बाजूला सारून लांडग्याची बाजू मांडू नये.

तरीही आपल्या माळावर काय दिसतं तेही सांगायला हवं. धनगरांची पोरं लांडग्यांच्याच रानात वाढतात, कोकरांमागे एकटी फिरतात, उघड्यावर झोपतात. लांडगा त्यांच्यापासून अंतर राखून असतो. पिसाळलेला लांडगा मात्र दिवसाढवळ्या, समोर येईल त्याला चावतो. चावा झाला तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. घरगुती उपचार नकोत.

भीती पसरली की काय होतं याचा जुना हिशेब आहे. इंग्रजी राजवटीत लांडगा मारण्याला सरकारी बक्षीस होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांहून जास्त लांडगे मारले गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

गावच्या कुत्र्यांचा आणि लांडग्याचा काय संबंध?

फार जवळचा आणि लांडग्याच्या दृष्टीने घातक. लांडगा आणि कुत्रा यांचं मीलन होऊ शकतं आणि पिल्लंही पुढे प्रजननक्षम असतात. पुण्याजवळच्या माळावर स्थानिक निरीक्षकांना वेगळ्याच, फिकट रंगाचे लांडगे दिसले. त्यांचे नमुने तपासल्यावर त्यांच्यात कुत्र्याचा अंश असल्याचं जनुकांवरून सिद्ध झालं. २०२३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतातला असा पहिलाच. लांडगे थोडे आणि कुत्री अफाट असली की एकट्या पडलेल्या लांडग्याला जोडीदार म्हणून कुत्रंच सापडतं. लाखो वर्षांची वेगळी वंशवेल अशी हळूहळू पातळ होत जाते.

दुसरा धोका रोगांचा. रेबीज आणि डिस्टेंपर कुत्र्यांकडून लांडग्यात येतात, आणि डिस्टेंपर शिरला की लहानसा कळप पुरता बसतो. म्हणून माळालगतच्या गावांत कुत्र्यांचं लसीकरण आणि निर्बीजीकरण, आणि उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा बंदोबस्त, ही लांडगा वाचवण्याचीच कामं आहेत. तुमच्या गावात पशुवैद्यकीय शिबिर असेल तर धनगरी कुत्र्यांनाही घेऊन या.

लांडगा पाहायला कुठे जावं?

पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली आहे. ठरलेला रस्ता, स्थानिक वाटाड्या, आणि पैसे गावातल्या पोरांच्या हाती जातात. त्यानेच जा. स्वतःची गाडी माळात घालून लांडग्याचा पाठलाग करणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत. धापा टाकत, जीभ बाहेर काढून पळणाऱ्या मादीचा फोटो काढून काय मिळवलं, हे त्यांनी स्वतःला विचारावं. बिळाची जागा तर कुणालाही सांगू नका, समाजमाध्यमांवर फोटोसोबत ठिकाण टाकू नका.

शेतात लांडग्याची पिल्लं सापडली. काय करू?

हात लावू नका. ऊसतोडीच्या वेळी, नांगरटीत, बांध घालताना ती सापडतात आणि लोक दयेपोटी उचलून आणतात. ती बेवारस नसतात. आई बहुतेक वेळा दोनशे-तीनशे मीटरवर लपून बघत असते.

तेवढ्या भागातलं काम एक दिवस थांबवा, कुत्री बांधून ठेवा, बघायला जमलेली गर्दी पांगवा आणि १९२६ वर कळवा. पिल्लं खोक्यात घालून घरी आणली असतील तर दूध पाजत बसू नका. वनरक्षकाला घेऊन अंधार पडायच्या आत ती सापडली त्याच जागी परत ठेवा. लांडग्याची मादी एकाहून जास्त बिळं हाताशी ठेवून असते. रात्री ती येते, एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि सकाळी तुम्ही बघायला जाल तेव्हा तिथे मातीत पावलांचे ठसे तेवढे उरलेले असतात.